लहान खोलीतील पोर्ट्रेट आणि स्टुडिओ प्रकाशयोजना: दिव्यांच्या आधी भिंतींचा विचार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सदनिकेतील दहा बाय बारा फुटांची एक खोली रिकामी करून तिथे पोर्ट्रेटचा सराव सुरू करायचा आहे, कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स हाताशी आहे, पण दिवे दोन घ्यावेत की तीन, छत्र्या घ्याव्यात की सॉफ्टबॉक्स, आणि प्रकाशयोजनेच्या प्रचलित पद्धतींपैकी आधी कोणती शिकावी, हे ठरत नाही. खरेदीपुरते उत्तर लगेच देतो. एकच फ्लॅश घ्यावा, त्यावर तीन फुटांचा, ग्रिडसह (प्रकाश बाजूंना पसरू न देणाऱ्या जाळीसह) मिळणारा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरे कापड असलेली पेटी, लावावा, स्टँड भक्कम असावा, आणि थर्माकोलच्या दोन मोठ्या शीट आणून त्यांची एक बाजू काळी करावी. दुसरा दिवा काही महिने घेऊच नये. हे उत्तर काटकसरीचे वाटेल, परंतु त्यामागचे कारण पैशांचे नसून खोलीचे आहे.

स्टुडिओतील प्रकाश शिकवणारे बहुतेक साहित्य मोठ्या, उंच छताच्या आणि बहुधा गडद भिंतींच्या जागेत तयार झालेले असते. तिथे दिव्यातून निघालेला जो प्रकाश चेहऱ्यावर पडत नाही, तो दूर जाऊन विरून जातो. आपल्या खोलीत तो विरत नाही. दिव्यापासून तीन-चार फुटांवर पांढरी भिंत असते, साडेनऊ फुटांवर पांढरे छत असते, आणि पायाखाली गुळगुळीत, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असतात. दिव्यातून निघालेला प्रकाश या सगळ्यांवर आपटून चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूत परत येतो. परिणामी दिवा एक असला तरी चेहऱ्यावर प्रकाश पाच दिशांनी येतो आणि त्यांपैकी चार दिशा आपण ठरवलेल्या नसतात. नवशिक्यांच्या फोटोंत चेहरा सपाट, काहीसा पिठूळ दिसतो, त्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. तो सपाटपणा घालवण्यासाठी आणखी एक दिवा आणला, तर भिंतींकडून परतणारा प्रकाश तेवढाच वाढतो. म्हणून लहान खोलीत प्रकाश देण्याआधी प्रकाश काढून घेण्याचे तंत्र शिकावे लागते, आणि प्रचलित शिकवणीत नेमके तेच शेवटी येते.

भिंतींचा रंग ही याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. आपल्याकडे घरांच्या भिंतींना फिकट पिवळसर, पिस्ता किंवा गुलाबी छटा देण्याची पद्धत आहे. अशा भिंतीवरून परतलेला प्रकाश तिचा रंग घेऊन येतो आणि तो फक्त सावलीच्या बाजूवर पडतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातील रंगसमतोल) बदलून हा दोष जात नाही, कारण उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांचे रंग आता वेगळे झालेले असतात. एक सुधारली की दुसरी बिघडते. गालाखाली किंवा हनुवटीखाली हिरवट झाक दिसली, तर कॅमेऱ्यात काही शोधण्याआधी जवळची भिंत पाहावी. हनुवटीच्या खालून उजेड येत असेल, तर तो बहुधा टाइलवरून येतो. तिथे जुनी सतरंजी किंवा काळे कापड पसरले की तत्काळ फरक दिसतो.

आता थर्माकोलच्या शीटकडे वळू. जाहिरातींच्या आणि चित्रपटांच्या सेटवर थर्माकोल पूर्वापार वापरात आहे, कारण तो हलका, स्वस्त आणि अगदी मंद पृष्ठभागाचा असतो. पांढरी बाजू चेहऱ्याजवळ धरली की सावली उजळते, काळी बाजू धरली की सावली गडद होते. काळा रंग देताना मात्र पाण्यात मिसळणारा रंग वापरावा; स्प्रेच्या डब्यातील रंगाने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. काळे कापड लावायचे असेल, तर ते मखमली किंवा फेल्टसारखे असावे, सॅटिनसारखे चमकदार नसावे. ही काळी शीट चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला, चौकटीच्या अगदी बाहेर, दीड-दोन फुटांवर उभी करावी. पहिल्याच फोटोत जबड्याची रेषा स्पष्ट होते आणि गालाला गोलाई येते. याच कारणासाठी मी सुरुवातीला छत्री सुचवत नाही. छत्री उत्तम साधन आहे, पण ती प्रकाश चहूकडे उधळते, आणि लहान खोलीत छत्री लावणे म्हणजे जवळजवळ संपूर्ण खोलीलाच दिवा करणे होय. ग्रिड लावलेला सॉफ्टबॉक्स आपला प्रकाश समोरच्या बाजूलाच ठेवतो.

सरावाची सुरुवात एका काळ्या फोटोने करावी. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवावा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ आणि शटर १/१६० सेकंद ठेवून फ्लॅश बंद असताना एक फोटो काढावा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. आला, तर खोलीतील ट्यूबलाइटचा किंवा खिडकीतील उजेडाचा आपल्या फोटोत काहीही वाटा नाही, असे सिद्ध झाले. नाही आला, तर पडदा ओढून किंवा दिवे मालवून तो काळा करून घ्यावा. यापुढे चेहऱ्यावर जे दिसेल, ते केवळ आपल्या फ्लॅशचे असेल. इथे फ्लॅशविषयी एक मूलभूत गोष्ट लक्षात ठेवावी. फ्लॅशचा झोत शटरच्या मानाने इतका अल्पकाळ टिकतो, की शटरचा वेग बदलल्याने फ्लॅशचा उजेड कमी-जास्त होत नाही. तो अपर्चर, आयएसओ, फ्लॅशची शक्ती आणि अंतर यांनीच बदलतो. शटर फक्त खोलीतील स्थिर उजेडावर चालते. मात्र शटरचा वेग कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपलीकडे (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वाधिक वेगापलीकडे), म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेला, तर फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. तो बिघाड नसून शटरचा पडदा आड आल्याची खूण असते.

यानंतर अंतराचा सराव करावा. माझ्या मते संपूर्ण स्टुडिओ प्रकाशयोजनेत अंतराइतके फळ दुसरे काही देत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण त्याचा अर्थ खोलीत काय होतो, हे करून पाहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. समोरच्या व्यक्तीला पांढऱ्या भिंतीपासून सहा फूट पुढे बसवावे. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून दोन फुटांवर आणावा. आता दिव्यापासून भिंतीचे अंतर साधारण आठ फूट, म्हणजे चेहऱ्याच्या चौपट झाले. त्यामुळे भिंतीवर चेहऱ्याच्या एक सोळांश, म्हणजे चार स्टॉप कमी प्रकाश पडतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा, एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट). पांढरी भिंत फोटोत कोळशाच्या जवळ जाणारी करडी दिसते. आता तोच दिवा चेहऱ्यापासून सहा फुटांवर न्यावा. भिंत बारा फुटांवर, म्हणजे केवळ दुप्पट अंतरावर राहिली. तिच्यावर एक चतुर्थांश, म्हणजे दोनच स्टॉप कमी प्रकाश आहे, आणि ती मध्यम करडी दिसते. चेहऱ्याचा उजेड दोन्ही फोटोंत सारखा ठेवायचा, तर दुसऱ्या वेळी फ्लॅशची शक्ती सुमारे नऊपट, म्हणजे तीन स्टॉपहून किंचित जास्त वाढवावी लागते. पार्श्वभूमीचा कागद न बदलता एकाच भिंतीचे दोन रंग मिळाले. बाजूच्या भिंतींवरून उजेड परतत असेल, तर भिंत या हिशेबापेक्षा उजळ येते. किती उजळ येते, हे पाहिले की आपली खोली किती प्रकाश उधळते, याचेही माप आपोआप मिळते.

हाच नियम चेहऱ्याच्या रुंदीवरही चालतो. दिवा बाजूला दोन फुटांवर असताना जवळचा गाल आणि त्याहून सहा इंच दूर असलेला भाग यांच्या उजेडात सुमारे दोन तृतीयांश स्टॉपचा फरक पडतो. तोच दिवा सहा फुटांवर असताना हा फरक पाव स्टॉपच्या आसपास राहतो. म्हणून एकट्या व्यक्तीच्या भावपूर्ण पोर्ट्रेटला जवळचा दिवा शोभतो, तर आई-वडील आणि मूल असे तिघे शेजारी बसले असतील, तर दिवा मागे घेणे भागच असते; अन्यथा दिव्याजवळचा माणूस धुतल्यासारखा आणि दूरचा अंधारात, असे होते.

अंतराबरोबर प्रकाशाची मृदुताही बदलते. मृदुता कापडाच्या जाडीवर अवलंबून नसते. चेहऱ्याच्या जागी डोळा ठेवून पाहिले असता प्रकाशाचा उगम केवढा दिसतो, यावर ती ठरते. तीन फुटांचा सॉफ्टबॉक्स तीन फुटांवर असताना सावलीची कड अलगद विरते. तोच नऊ फुटांवर नेला, तर तो एक तृतीयांश रुंदीचा दिसू लागतो आणि सावलीची कड टोकदार होते. फ्लॅशच्या तोंडावर बसवायची प्लास्टिकची छोटी पांढरी टोपी विकत मिळते, तिने प्रकाश मृदू होतो असा समज आहे. मोकळ्या मैदानात ती लावून पाहिल्यास मृदुतेत काही फरक पडत नाही, कारण उगमाचा आकार तेवढाच राहतो. खोलीत ती काम करते असे वाटते, ते भिंतींमुळे.

आता चेहरा. प्रचलित पद्धतींची नावे पाठ करण्यापेक्षा नाकाची सावली पाहण्याची सवय लावावी, कारण ती सगळी नावे शेवटी नाकाच्या सावलीच्या जागेची नावे आहेत. दिवा समोर आणि उंच असेल, तर नाकाखाली फुलपाखरासारखी लहान सममित सावली पडते. तिला बटरफ्लाय म्हणतात, आणि हॉलिवूडच्या जुन्या स्टुडिओवरून पॅरामाउंट असेही म्हणतात. दिवा थोडा बाजूला घेतला, की सावली ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेने तिरपी जाते, तो लूप. आणखी बाजूला व वर नेला, की नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो; हे चित्रकार रेम्ब्रँटचे नाव लाभलेले प्रसिद्ध रूप. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद आणि नाकापेक्षा लांब नसावा, असा जुना संकेत आहे. दिवा पूर्ण बाजूला गेला, की अर्धा चेहरा अंधारात जातो. ही सर्व रूपे एकाच दिव्याला अर्धवर्तुळात फिरवून एका बैठकीत पाहता येतात. त्यासाठी घरातील माणसांना तासन्‌तास बसवून ठेवू नये. ती दुसऱ्या वेळी बसायला येत नाहीत. चित्रकलेचे विद्यार्थी ज्यावरून सराव करतात, तसा प्लास्टरचा चेहरा मिळाला, तर तो उत्तम. फक्त त्याला ओलसर, चमकणारे डोळे नसतात, हे ध्यानात ठेवावे.

डोळ्यांमुळेच दिव्याची उंची ठरते. बुबुळात दिव्याचे जे प्रतिबिंब दिसते, ते वरच्या अर्ध्यात, घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत दहा-अकरा किंवा एक-दोनच्या जागी असावे. दिवा हळूहळू वर नेत जावे. ज्या उंचीला प्रतिबिंब वरच्या पापणीआड जाते, तिच्या जरा खाली थांबावे. ही उंची प्रत्येक चेहऱ्याला वेगळी असते. खोल डोळे आणि जाड भुवया असलेल्या व्यक्तीला दिवा खाली हवा असतो. फेटा किंवा टोपी घातलेल्या व्यक्तीला तर तो आणखी खाली घ्यावा लागतो, नाहीतर कपाळावरची सावली थेट डोळ्यांपर्यंत उतरते.

चेहरा थोडा वळवला असताना दिवा कोणत्या गालावर टाकावा, हा निर्णय पद्धतीच्या नावापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. कॅमेऱ्याला कमी दिसणारा, दूरचा गाल उजळला आणि जवळचा गाल सावलीत ठेवला, तर चेहरा निमुळता आणि घडीव दिसतो. जवळचा रुंद गाल उजळला, तर चेहरा भरलेला दिसतो. बहुतेक लोकांना पहिला प्रकार आवडतो. दुसऱ्या प्रकाराचा एक व्यावहारिक उपयोग मात्र आहे, आणि तो चष्म्याचा. चेहरा दिव्याकडे वळला, की काचेतील दिव्याचे प्रतिबिंब नेमके कॅमेऱ्याकडे फेकले जाते. चेहरा दिव्यापासून थोडा दूर वळवला, की ते कॅमेऱ्याच्या बाजूने निघून जाते. एवढ्याने भागले नाही, तर दिवा वर घ्यावा, हनुवटी जराशी खाली घ्यावी, किंवा चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून काचा खाली झुकवाव्यात. मोठा सॉफ्टबॉक्स चष्म्याला अधिक त्रासदायक असतो, कारण त्याचे प्रतिबिंब चुकवायला जागाच कमी उरते. चष्म्यातून काचा काढून फोटो काढण्याचा सल्लाही दिला जातो. मला तो पटत नाही, कारण नंबर असलेल्या काचेआडचे डोळे हीच त्या माणसाची रोजची ओळख असते.

दागिन्यांचाही विचार आधीच करावा लागतो. नथ डाव्या नाकपुडीत असते. मुख्य दिवा त्या व्यक्तीच्या उजव्या बाजूला ठेवला, तर नथ नाकाच्याच सावलीत जाते आणि मोती राखाडी दिसतात. दिवा डाव्या बाजूला घेतला, की मोत्यांवर उजेड येतो आणि नथीची सावली ओठाच्या दिशेने कुठे पडते, तेवढे पाहावे लागते. सोन्याचे वागणे आणखी वेगळे. सोने स्वतःवर पडलेला उजेड दाखवण्याऐवजी आजूबाजूच्या वस्तूंची प्रतिबिंबे दाखवते. आपण वर सांगितल्याप्रमाणे खोली काळी केली, की हार आणि पाटल्याही काळपट दिसू लागतात. अशा वेळी चौकटीच्या अगदी खाली, मांडीवर म्हटले तरी चालेल, पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवावा. सोन्याला दाखवायला काहीतरी पांढरे मिळते. पैठणीच्या पदराची जरही याच नियमाने चालते. बाजूने येणाऱ्या प्रकाशात ती उठून दिसते आणि समोरच्या प्रकाशात एकतर विझते, नाहीतर पांढरी भक्क होते.

त्वचेच्या प्रश्नावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे तो तंत्राच्या पलीकडचा झालेला आहे. गव्हाळ किंवा काळ्या-सावळ्या त्वचेचा फोटो पडद्यावर पाहून, तो उजळ करत जाण्याचा मोह फोटोग्राफरला होतो, आणि गिऱ्हाइकाकडूनही ‘जरा उजळ करा’ अशी मागणी येते. स्वच्छ तांत्रिक भूमिका अशी, की एक्स्पोजर त्वचेवरून मोजू नये. चेहऱ्यावर पडणाऱ्या प्रकाशावरून मोजावे. हातातल्या लाइट मीटरचा पांढरा घुमट हनुवटीखाली धरून मोजमाप घ्यावे, किंवा चेहऱ्याच्या जागी ग्रे कार्ड (मध्यम करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून एक फोटो काढावा आणि त्यावरून शक्ती कायम करावी. मग सावळी त्वचा सावळीच येते आणि तिच्यात तपशीलही राहतो. एक्स्पोजर वाढवून ती उजळवली, तर कपाळावरील आणि नाकावरील चमक आधी फुटते, आणि सावल्यांमधील ऊबदार तांबूस छटा निघून राखेसारखा रंग उरतो.

गडद त्वचेची गोलाई मुख्यतः तिच्यावरील चमकेतून कळते, म्हणून ती चमक घालवायची नसून रुंद आणि सौम्य करायची असते. इथे एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. सॉफ्टबॉक्स जवळ आणला, की त्वचेवर पडणारा प्रकाश वाढतो. परंतु त्वचेवर चमकणारे त्याचे प्रतिबिंब सॉफ्टबॉक्सच्या पृष्ठभागाइतकेच तेजस्वी राहते, ते अंतराने वाढत नाही. त्यामुळे शक्ती कमी करून एक्स्पोजर पूर्ववत केले, की चमक आधीपेक्षा मंद आणि पसरट झालेली असते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाळ पाच मिनिटांत घामेजते. पावडरीचे थर चढवण्याऐवजी टिपकागदाने घाम हलकेच टिपावा, मग दिवा अर्धा फूट जवळ घ्यावा.

दुसऱ्यांचे काम पाहून शिकायचे असेल, तर आपल्याकडेच दोन टोके उपलब्ध आहेत. दादरला १९४८ साली इंडिया फोटो स्टुडिओ सुरू करणाऱ्या जे. एच. ठक्कर यांनी त्या काळच्या चित्रपट कलावंतांची जी कृष्णधवल पोर्ट्रेट काढली, त्यांत दिव्यांचा झोत थेट आणि ठाम आहे. सावल्यांच्या कडा स्पष्ट आहेत आणि केसांवर मागून येणारी उजेडाची रेघ आहे. दुसऱ्या टोकाला छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष यांची पोर्ट्रेट ठेवावीत, ज्यांत प्रकाश चेहऱ्यावर पडल्यापेक्षा त्याच्याभोवती पसरल्यासारखा वाटतो. दोन्हींपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद निरर्थक आहे; मात्र मृदू प्रकाश म्हणजेच चांगला प्रकाश, हा सध्याचा समज ठक्करांच्या कामापुढे टिकत नाही. कोणताही फोटो पाहताना आधी बुबुळातील प्रतिबिंब पाहावे, त्यावरून दिव्यांची संख्या, आकार आणि जागा कळते. मग नाकाची सावली, मग हनुवटीखालच्या सावलीची कड, आणि शेवटी पार्श्वभूमी किती गडद आहे ते पाहून दिवा किती दूर असेल याचा अंदाज करावा. तो अंदाज त्याच संध्याकाळी आपल्या खोलीत मांडून पाहिला, तर एका फोटोतून जे शिकता येते, ते कित्येक चित्रफिती पाहूनही शिकता येत नाही.

साधनांबद्दल आपण विचारले होते, त्याचे उत्तर आता सोपे झाले आहे. २०० वॅट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या शक्तीचे माप) फ्लॅश या खोलीला पुरून उरतो. उलट, दिवा इतका जवळ असताना एफ/२.८ सारख्या मोठ्या अपर्चरवर काम करायचे झाले, तर सर्वांत कमी शक्तीही जास्त ठरते. तेव्हा लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) लावावा. ४०० किंवा ६०० वॅट-सेकंदांचा दिवा इथे केवळ ओझे होईल. फ्लॅशच्या पुढील तोंडाची, म्हणजे सॉफ्टबॉक्स अडकवायची जोडणी बोवेन्स पद्धतीची असावी. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिची जोडणी इतक्या उत्पादकांनी उचलली, की सॉफ्टबॉक्स, ब्युटी डिश, स्नूट अशा प्रकाशाला आकार देणाऱ्या जोडसाधनांतील बहुतेक माल त्याच मापाचा मिळतो. फ्लॅशमध्ये मॉडेलिंग लॅम्प (सतत जळणारा छोटा दिवा) असलाच पाहिजे, कारण सावली कुठे पडणार हे फोटो काढण्याआधी त्याच्यामुळेच दिसते. त्यासाठी खोलीतील इतर दिवे मालवावे लागतात.

सतत जळणाऱ्या एलईडी दिव्यावर शिकावे का, असाही एक पर्याय असतो. डोळ्यांना दिसते तेच फोटोत येते, हा त्याचा मोठा गुण आहे, आणि व्हिडिओ करायचा असेल तर तोच घ्यावा लागतो. पण पोर्ट्रेटसाठी पुरेसा प्रखर एलईडी जवळ आणला, की समोरची व्यक्ती डोळे बारीक करते आणि बाहुल्या आकसतात; मंद ठेवला, तर आयएसओ वाढवावा लागतो आणि खोलीतील इतर उजेड फोटोत शिरतो. घेतलाच, तर रंगनिष्ठतेचा सीआरआय आकडा ९५ किंवा त्याहून अधिक असलेला घ्यावा. स्वस्त दिव्यांत तांबड्या रंगाची उणीव असते आणि सर्वांत आधी ती आपल्या त्वचेवर दिसते. घरातील साधे दिवे मात्र फोटोसाठी वापरू नयेत. ५० हर्ट्झच्या विजेवर त्यांतील बरेच सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला आडवे पट्टे उमटतात.

कॅमेऱ्याविषयी एवढेच सांगतो, की डोके-खांद्यांच्या फोटोसाठी चेहऱ्यापासून पाच-सहा फूट मागे उभे राहावे. लेन्स कोणतीही असली, तरी त्याहून जवळ गेल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसू लागतात. क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर आपली ५० मिलिमीटरची लेन्स या अंतराला अगदी योग्य बसते. फुल फ्रेम कॅमेरा असेल, तर चौकटीत थोडी जास्त जागा येईल; ती नंतर कापावी, पण त्यासाठी पुढे सरकू नये.

दुसरा दिवा केव्हा घ्यावा? गडद पार्श्वभूमीसमोर काळे केस विरघळून जाऊ लागले, आणि पार्श्वभूमी उजळ करणे आपल्याला नको असेल, तेव्हा. आपल्याकडे ही अडचण लवकर येते. हा दिवा डोक्यावर टांगण्याचा विचार लहान खोलीत सोडून द्यावा, कारण छत आड येते. त्याऐवजी एक फूट रुंद आणि चार फूट लांब असा पट्टीसारखा सॉफ्टबॉक्स ग्रिड लावून व्यक्तीच्या मागे, मुख्य दिव्याच्या विरुद्ध बाजूला उभा करावा. मागून तिरपा येणारा प्रकाश केसांवरून आणि खांद्यांवरून घसरून थेट लेन्सकडे येतो, म्हणून तो अपेक्षेपेक्षा फार उजळ दिसतो. मुख्य दिव्यापेक्षा एक स्टॉप कमी ठेवून सुरुवात करावी. केसांना तेल असेल, तर आणखी उतरवावा. टक्कल असेल, तर बंद करावा. त्याचा उजेड नाकाच्या शेंड्यावर पडत असल्यास दिवा आणखी मागे न्यावा, आणि तो लेन्समध्ये शिरून फोटो धुरकट होत असल्यास मधे कटर (प्रकाश अडवणारा आडोसा) म्हणून थर्माकोलची दुसरी शीट, काळी बाजू कॅमेऱ्याकडे करून, उभी करावी.